वाचकांचे प्रश्न: ड्रायर घ्यायचाय, पण वीज किती खाणार?

मागच्या अंकात वॉशिंग मशिनच्या स्पिनबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, कपडे वाळवायच्या ड्रायरवर प्रश्नांचा ढीगच आला. सगळ्यांची उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत तेवढेच घेतेय. ब्रँडचं नाव विचारणाऱ्यांनी आधीच माफ करा, मॉडेल दर वर्षी बदलतात, मी आज एक नाव सांगायची आणि तुम्ही दुकानात जाईपर्यंत ते बंद झालेलं असायचं.

प्रश्न: ताई, दुकानात सेल्समननं तीन प्रकार दाखवले, व्हेंटेड, कंडेन्सर आणि हीट पंप. बाहेरून तिन्ही सेमच दिसतात, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. तो म्हणतो हीट पंपच घ्या, वीज कमी लागते. आता तो महागातलं विकायलाच बसलाय, त्यामुळे विश्वास बसेना. खरंच फरक पडतो की नुसतं मार्केटिंग?

यावेळी सेल्समन खरं बोललाय हो. फरक पडतो आणि चांगला दणदणीत पडतो.

ड्रायर वीज कशावर घालवतो ते आधी बघू. ड्रम फिरवायला आणि पंखा चालवायला फार काही लागत नाही, खरा खर्च आहे कपड्यातलं पाणी वाफ करून उडवण्याचा. एक लिटर पाणी उडवायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागतेच लागते, तिथे कुठल्याही कंपनीची हुशारी चालत नाही. आता आठ किलो कपडे १००० आरपीएमवर पिळून निघाले की त्यांच्यात कोरड्या वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी उरलेलं असतं, म्हणजे पाच लिटरला जरासं कमी. म्हणजे तीनेक युनिट नुसते वाफेचे, त्यात हवा तापवताना इकडेतिकडे जी उष्णता वाया जाते ती धरली की साधा हीटरवाला ड्रायर एका फुल लोडला साडेचार-पाच युनिटपर्यंत सहज जातो.

व्हेंटेड प्रकारात ही सगळी दमट गरम हवा पाइपातून घराबाहेर फेकली जाते. म्हणजे ज्या उष्णतेचे पैसे मोजले ती खिडकीबाहेर. वर ती हवा मशिन खोलीतूनच ओढतं, मिनिटाला काही हजार लिटर, त्यामुळे खोलीत एसी किंवा रूम हीटर चालू असेल तर ती थंड किंवा गरम केलेली हवापण बाहेर जाते आणि तिच्या जागी बाहेरची हवा फटीफटीतून आत येते. हा खर्च ड्रायरच्या लेबलवर कधीच दिसत नाही. कंडेन्सरमध्ये हवा बाहेर जात नाही, खोलीतल्या हवेनं ती थंड करून पाणी टाकीत जमा केलं जातं, पण उष्णता मात्र खोलीत सांडते. पाइपाची कटकट नाही हा फायदा, विजेच्या बाबतीत मात्र दोघंही एकाच माळेचे मणी.

हीट पंपचं गणितच वेगळं. यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. ड्रममधून आलेली दमट हवा थंड कॉइलवरून जाते, तिथे वाफेचं पाणी होतं आणि पाणी होताना वाफ आपली उष्णता सोडते, बरोबर ना? ती उष्णता कॉम्प्रेसर उचलून गरम कॉइलकडे देतो आणि तीच हवा परत तापून ड्रममध्ये जाते. म्हणजे एकदा विकत घेतलेली उष्णता आतल्या आत फिरत राहते, बाहेरून फक्त ती फिरवण्यापुरती वीज लागते. त्याच आठ किलोच्या लोडला दीड ते दोन युनिट, बस. निम्म्याहूनही कमी. स्वित्झर्लंडनं २०१२ पासूनच कमी कार्यक्षम ड्रायर विकायला बंदी घातली आणि युरोपियन युनियनमध्ये १ जुलै २०२५ पासून बाजारात येणारे नवे ड्रायर हीट पंपवालेच असावेत असे नियम झालेत, ते काही उगाच नाही.

प्रश्न: पण हीट पंपची किंमत बघून छातीत धस्स झालं. आमच्याकडे आठवड्यातून एखाद-दोन वेळाच ड्रायर लागेल. वाचणाऱ्या विजेत ती जास्तीची किंमत वसूल होते का?

हे तुम्हीच काढू शकता, पाच मिनिटांचं काम आहे. एका फुल लोडला हीट पंप साध्यापेक्षा अंदाजे अडीच ते पावणेतीन युनिट वाचवतो असं धरा. आठवड्याला तीन लोड म्हणजे वर्षाला दीडशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४०० युनिट वाचले. आठवड्याला एकच लोड असेल तर १३० युनिट. आता तुमच्या बिलावर शेवटच्या स्लॅबचा जो दर आहे (सरासरी दर नाही हं, शेवटचा, कारण ड्रायरचे युनिट बिलात सगळ्यात वर जाऊन बसतात) त्यानं गुणा, आणि दोन मशिनच्या किमतीतल्या फरकाला त्या रकमेनं भागा. जो आकडा येईल तेवढ्या वर्षांत वसुली.

पाच-सहा वर्षांच्या आत येत असेल तर डोळे झाकून हीट पंप घ्या. दहा-बारा वर्षं येत असतील तर मात्र थांबा आणि विचार करा, कारण कॉम्प्रेसरवाल्या मशिनमध्ये बिघडण्यासारख्या गोष्टी जास्त असतात आणि दुरुस्ती पण महाग पडते, हे सेल्समन सांगत नाही म्हणून मी सांगते. महिन्यातून दोनदा चालणाऱ्या ड्रायरसाठी सगळ्यात महागडं मॉडेल घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तुमचं जे एखाद-दोन वेळा आहे ते मधलं प्रकरण आहे, तिथे घरात अजून माणसं वाढणार आहेत का, लहान बाळ येणारे का, हे लेबलपेक्षा जास्त महत्त्वाचं. बाळ आलं की आठवड्याला दोन लोडचे सहा कधी होतात ते कळत पण नाही.

प्रश्न: माझ्या बहिणीच्या जुन्या ड्रायरवर ए ट्रिपल प्लस लिहिलंय आणि मी बघितलेल्या एकदम नव्या मॉडेलवर नुसतं सी. नवं मशिन जुन्यापेक्षा वाईट कसं काय?

वाईट नाहीये, पट्टी बदललीये. युरोपात २०१३ पासून ड्रायर किती कमी वीज खातो त्याच्या लेबलवर ए ट्रिपल प्लस ते डी अशी श्रेणी होती, मग झालं काय, मशिनं सुधारत गेली आणि सगळी वरच्या टोकाला जाऊन गर्दी करून बसली, निवडायला काही उरलंच नाही. म्हणून १ जुलै २०२५ पासून नवीन लेबल आलं, ए ते जी, प्लस-बिस काही नाही, आणि ए मुद्दाम कठीण ठेवलाय. त्यामुळे जुना ट्रिपल प्लसवाला नवीन पट्टीवर खालच्या अक्षरावर येतो. जुनं अक्षर आणि नवं अक्षर शेजारी ठेवून बघूच नका.

अक्षरापेक्षा आकडा बघायची सवय लावून घ्या असं मी नेहमी सांगते. पण त्यात पण गोम आहे. जुन्या लेबलवर वर्षाचे युनिट असायचे आणि ते १६० वेळा मशिन लावलं असं धरून काढलेले, त्यात काही लोड फुल आणि काही अर्धे. आठ किलोचा ट्रिपल प्लस तिथे १७६ च्या आसपास दिसायचा आणि बी श्रेणीवाला कंडेन्सर ५६० च्या आसपास. नवीन लेबलवर १०० वेळांचे युनिट असतात. म्हणजे जुन्या आकड्याला १६० नं भागायचं, नव्याला १०० नं, मग एका वेळचे युनिट हातात येतात आणि तुलना होते. हे न करता नुसते आकडे बघितले तर नवं मशिन उगाच स्वस्तात चालतंय असं वाटेल.

अमेरिकन मॉडेल बघत असाल तर तिथे सीईएफ नावाचा आकडा असतो, एका युनिटमध्ये किती पाउंड कपडे वाळले तो, आणि तो जितका मोठा तितकं चांगलं, म्हणजे युरोपच्या बरोबर उलटं. एनर्जी स्टारचं चिन्ह असलेले ड्रायर साध्यापेक्षा साधारण २० टक्के कमी वीज घेतात, पण ते चिन्ह चांगला सेन्सर असलेल्या व्हेंटेड मशिनला पण मिळतं आणि हीट पंपला पण, त्यामुळे चिन्ह दिसलं की हुरळून जाऊ नका, सीईएफ बघा.

लेबलवर आणखी एक गोष्ट असते जी कुणी वाचत नाही, कंडेन्सेशनची श्रेणी. कपड्यातून निघालेल्या पाण्यापैकी किती पाणी टाकीत पडलं आणि किती वाफ खोलीत सुटली त्याचा हा हिशोब. ८० टक्केवालं मशिन एका फुल लोडला जवळजवळ एक लिटर पाणी तुमच्या खोलीच्या हवेत सोडणार. लहान बंद खोली असेल तर भिंतीला बुरशी धरायला तेवढं पुरेसं आहे. ९० टक्क्यांच्या वरचंच घ्या.

प्रश्न: गेल्याच महिन्यात हीट पंप ड्रायर घेतला. तीन तास चालतो आणि कपडे काढले तर गरमच लागत नाहीत, कधीकधी ओलसर वाटतात. आधीचा साधा ड्रायर तासाभरात चटके बसतील असे कपडे द्यायचा. पीस खराब आलाय का?

बहुतेक नाही. हीट पंपमध्ये हवा ५०-६० अंशांपर्यंतच तापते, हीटरवाल्यात त्याहून बरीच जास्त, म्हणून वेळ लागतो. फुल लोडला दोन ते तीन तास हे नॉर्मल आहे. कमी तापमानाचा फायदा असा की कपडे कमी आटतात, इलॅस्टिक लवकर सैल पडत नाही. घाई असेल तर फास्ट प्रोग्राम असतो पण त्यात वीज जास्त जाते. लेबलवरचा आकडा इको प्रोग्रामचा असतो, बाकीच्यांचा नाही.

ओलसरपणाचं म्हणाल तर आधी प्रोग्राम कुठला लावताय ते बघा. इस्त्रीसाठी, कपाटासाठी आणि एक्स्ट्रा ड्राय असे साधारण तीन टप्पे असतात, आणि इस्त्रीवाल्यात कपडे मुद्दाम थोडे दमट सोडतात. कपाटवाला लावून पण जीन्सचे खिसे आणि शिवणी ओल्या राहत असतील तर जाड आणि पातळ कपडे एकत्र टाकताय, पातळ शर्ट आधी वाळतात आणि सेन्सरला वाटतं झालं काम. टॉवेल-जीन्स वेगळे, शर्ट-कुर्ते वेगळे असं करून बघा. आणि डबल बेडची चादर आत गेली की ती हमखास सगळ्यांना पोटात घेऊन गोळा करून बसते, बाहेरून कडक वाळलेली आणि आतले मोजे चिंब. चादरी एकत्र लावा, बाकी काही घालू नका, आणि मध्ये एकदा थांबवून झटकून परत टाका.

प्रश्न: ताई, चार वर्षं जुना ड्रायर आहे, हीट पंपच आहे. सुरुवातीला मस्त होता, आता तेवढ्याच कपड्यांना दीडपट वेळ घेतो आणि बिल पण वाढलंय. फिल्टर मी दर वेळी साफ करते हं. नवीन घ्यावा का?

थांबा, अजिबात घेऊ नका. आधी तीन ठिकाणं बघू.

पहिलं म्हणजे तो फिल्टर. दर वेळी हातानं लिंट (कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू) काढता ते बरोबरच आहे, पण जाळीच्या बारीक छिद्रांमध्ये डिटर्जंट आणि सॉफ्टनरचा चिकट थर बसतो तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी बाहेर काढून नळाखाली आडवी धरा आणि वरून पाणी सोडा. पाणी धडाधड खाली गेलं तर ठीक, पण जाळीवर तळं साचलं किंवा थेंब घरंगळत कडेनं गेले तर समजा हवा पण तशीच अडतेय. कोमट पाणी, थोडं भांड्याचं लिक्विड आणि मऊ ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी घासा, पूर्ण वाळू द्या, मगच परत बसवा. ओली जाळी बसवली तर नवीन लिंट तिच्यावर लगद्यासारखं चिकटतं.

दुसरं ठिकाण खाली असतं. बऱ्याच मशिनमध्ये तळाशी एक झाकण असतं, त्यामागे स्पंजचा किंवा जाळीचा दुसरा फिल्टर आणि त्याच्या मागे कॉइलचे पातळ पातळ पत्रे. टॉर्च मारून बघा. पत्र्यांवर करड्या रंगाची गोधडी पांघरल्यासारखं दिसत असेल तर दीडपट वेळेचं उत्तर तिथेच आहे. मऊ ब्रशनं पत्र्यांच्या उभ्या दिशेनंच हळूच झाडा नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रशनं ओढून घ्या, आडवं घासू नका, ते पत्रे बोटाच्या दाबानं पण वाकतात आणि कडा धारदार असतात, हातमोजे घाला. काही मशिनमध्ये हा भाग आपोआप धुतला जातो म्हणून झाकणच देत नाहीत. जाहिरातीत हे फार भारी वाटतं, पण थोडं थोडं लिंट तिथे साचतंच आणि मग हात घालायला जागा नसते, मेकॅनिकला बोलावून मशिन खोलावं लागतं. मला विचाराल तर झाकण असलेलं बरं, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघायचा कंटाळा नसेल तर.

तिसरं, सेन्सर. ड्रममध्ये दाराच्या जवळ धातूच्या दोन चपट्या पट्ट्या दिसतील. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्यातून बारीकसा करंट जातो, कपडा वाळत जाईल तसा तो कमी होतो, आणि त्यावरून मशिन ठरवतं कधी थांबायचं. सॉफ्टनरमुळे या पट्ट्यांवर धुरकट पांढरा थर बसतो आणि मग मशिनचा अंदाज चुकतो, कधी लवकर थांबतं, कधी थांबायचं नावच घेत नाही. फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, कोरड्यानं परत पुसा. झालं.

हे सगळं करून पण फरक पडला नाही तर गॅस कमी झालाय का ते मेकॅनिककडून बघून घ्या. पण बहुतेक वेळा मामला लिंटवरच मिटतो. आणि लिंट हा फक्त विजेचा प्रश्न नाही, अमेरिकेत घरातल्या ड्रायरच्या आगींमागे सफाई न करणं हे सगळ्यात मोठं कारण आढळलंय. तेल, पेट्रोल, थिनर लागलेली फडकी तर धुतल्यावर पण ड्रायरमध्ये टाकू नका, तेल पूर्ण निघत नाही आणि गरम ढिगात ते स्वतःहून पेट घेऊ शकतं. शेवटची जी दहा मिनिटं थंड हवा येते ती याच्यासाठीच असते, ती मध्येच तोडून गरम कपड्यांचा ढीग तसाच ठेवू नका.

प्रश्न: आम्ही दोघंच आहोत. सात किलो घ्यावा की नऊ? दुकानदार म्हणतो मोठा घेतला तर वीज वाया जाणार नाही, सेन्सर आहे.

सेन्सरमुळे वाया कमी जाते, जातच नाही असं नाही. अर्ध्या लोडला अर्धी वीज लागत नाही, अर्ध्याहून जास्त लागते, कारण मशिनचं धूड आणि आतली हवा तापवायचा खर्च तेवढाच असतो. दुसरीकडे गच्च भरलेल्या ड्रममध्ये कपड्यांना उलटंपालटं व्हायला जागा मिळत नाही, हवा आत शिरत नाही आणि वेळ वाढतो.

साधा नियम असा की तुमच्या वॉशिंग मशिनच्या एका लोडचे कपडे एकाच वेळी ड्रायरमध्ये मावले पाहिजेत आणि वर हात घालण्याइतकी जागा उरली पाहिजे. दोघांना सात पुरे. जाड रजया, कम्फर्टर नेहमी वाळवायचे असतील तरच नऊ, कारण तिथे किलोपेक्षा ड्रमचं आकारमान कामाला येतं.

प्रश्न: जागा कमी आहे म्हणून वॉशर-ड्रायर एकात एक घ्यायचा विचार आहे. कसा वाटतो?

जागा नसेल तर नाइलाज म्हणून ठीक आहे, आवडीनं मी तरी सुचवणार नाही. धुवायला आठ किलो आणि वाळवायला पाचच, असं बहुतेकांमध्ये असतं, म्हणजे धुतल्यावर काही कपडे बाहेर काढायचे आणि मग बाकीचे वाळवायचे, नाहीतर दोनदा लावायचं. शिवाय साध्या वॉशर-ड्रायरमध्ये वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरलं जातं, म्हणजे वाळवायला पण पाणी! विजेचा आकडा हीटरवाल्यासारखाच. आता हीट पंपवाले एकात एक पण येतात, घ्यायचाच तर तसला बघा, आणि लेबलवर दोन पट्ट्या असतील तर धुणं अधिक वाळवणं अशी जी पट्टी आहे ती वाचा, नुसत्या धुण्याची नको.

त्यापेक्षा वॉशिंग मशिन फ्रंट लोड असेल तर त्याच्यावर ड्रायर चढवता येतो. मधली जोडपट्टी मात्र त्या मॉडेलसाठी दिलेलीच घ्या, नुसता ठेवून देऊ नका, स्पिनच्या धक्क्यानं वरचं मशिन सरकत सरकत पुढे येतं.

प्रश्न: गॅलरीत किंवा मागच्या स्टोअररूममध्ये ठेवला तर चालेल का? प्लग पॉइंट वेगळा लागतो का?

हीट पंपला खोलीचं तापमान साधारण ५ ते ३५ अंशांच्या मधलं लागतं. खूप गारठ्यात कॉम्प्रेसर धड चालत नाही आणि टाकीतलं, पाइपातलं पाणी गोठू शकतं. खूप गरम कोंदट जागेत उष्णता जायला वाट राहत नाही आणि मशिन मध्येच थांबतं. त्यामुळे उघड्या गॅलरीत नको. बंद कपाटात ठेवणार असाल तर हवा खेळायला जाळी ठेवा.

विजेचं म्हणाल तर हीटरवाला ड्रायर २००० ते २८०० वॉट ओढतो, हीट पंप हजारच्या आत-बाहेर. म्हणून घराचं वायरिंग जुनं असेल किंवा छतावर सोलर पॅनल असतील तर हीट पंप जास्त सोयीचा, दुपारी सोलरवर आरामात चालतो. पण दोन्हींना थेट भिंतीतला, अर्थिंग असलेला पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर लावणाऱ्यांना काय म्हणावं, वायर हात लावून बघा किती तापते ते.

हो, आणि घरी आल्यावर लगेच चालू करू नका. वाहतुकीत मशिन आडवं झालं असेल तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं, ते परत खाली यायला मशिन काही तास उभं राहू द्यावं लागतं, किती ते मॅन्युअलमध्ये असतं.

प्रश्न: हीट पंपमध्ये प्रोपेन गॅस असतो असं वाचलं. म्हणजे घरात सिलिंडर ठेवल्यासारखंच झालं ना? भीती वाटते.

नव्या मशिनमध्ये आर २९० म्हणजे प्रोपेन असतो हे खरं, पण तो दीडशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आणि सीलबंद नळ्यांमध्ये. आधी आर १३४ए वापरायचे, तो पेटत नाही पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीपेक्षा जास्त तापमानवाढ करतो, म्हणून बदलला. काळजी एवढीच की मशिनच्या मागे-खाली खिळे-स्क्रू ठोकू नका, हवेची भोकं बुजवू नका आणि गॅसचं काम ओळखीच्या कुठल्याही मेकॅनिककडून नको, त्या गॅसचं ट्रेनिंग घेतलेलाच माणूस हवा.

प्रश्न: ड्रायरमध्ये टाकायचे लोकरीचे बॉल वीज वाचवतात का? आणि टाकीतलं पाणी इस्त्रीत घालू का?

बॉलनं कपडे सुटे राहायला थोडीफार मदत होते, चमत्कार होत नाही. खरी वीज वाचवायची तर वॉशिंग मशिनचा स्पिन वाढवा, फुकटात होतं. १००० आरपीएमला ६० टक्के पाणी उरतं ते १४०० ला ५० टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे आठ किलोच्या लोडमधून पाऊण लिटर पाणी आधीच गेलं. पिळून काढायला जी जास्तीची वीज लागते ती तेच पाणी वाफ करून उडवण्याच्या पुढे किरकोळ आहे. ८०० वर पिळून ड्रायरमध्ये टाकणारे लोक बघितले की मला राहवत नाही. नाजूक कपड्यांचं वेगळं, पण टॉवेल, चादरी, जीन्स यांना कशाला हात आखडता घ्यायचा?

टाकीतल्या पाण्यात क्षार नसतात पण बारीक तंतू आणि डिटर्जंटचे अंश असतात, इस्त्रीची भोकं बुजतात. फरशी पुसायला वापरा. प्यायला, प्राण्यांना अजिबात नको. टाकी दर वेळी रिकामी करायचा कंटाळा येत असेल तर जोडायचा पाइप बहुतेक मशिनसोबत येतो, सिंकमध्ये सोडून द्या.

प्रश्न: ड्रायर न घेता कपडे घरातच दोरीवर टाकून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं मशिन) लावला तर? तो कमी वॉटचा असतो म्हणे.

चांगला विचार आहे, फक्त वॉटवर जाऊ नका. २५० वॉटचा डीह्युमिडिफायर आठ तास चालला तर दोन युनिट झालेच की. म्हणजे एका लोडचा खर्च हीट पंप ड्रायरच्या जवळपास येऊन पोचतो. फायदा असा की मशिन स्वस्त, कपड्यांची झीज नाही, आणि घरात दमटपणा असेलच तर तो एरवी पण कामाला येतो. तोटा म्हणजे वेळ आणि अडणारी जागा, शिवाय टॉवेल जरा खरखरीत राहतात.

करायचं असेल तर लहान खोली घ्या, दार-खिडक्या बंद करा (उघड्या ठेवल्या तर तुम्ही अख्ख्या जगाची हवा कोरडी करत बसाल), कपड्यांमध्ये वितभर अंतर ठेवा आणि एक साधा पंखा कपड्यांवर मारा. आणि खोली फार गार असेल तर कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर नीट पाणी ओढत नाही, कॉइलवर बर्फ धरत बसतो, तिथे डेसिकंट (ओलावा शोषणारा पदार्थ वापरणाऱ्या) प्रकारचा लागतो आणि तो वीज जास्त घेतो. आठवड्याला एखाद-दुसरा लोड असेल आणि घरात एक खोली रात्रभर अडवून ठेवता येत असेल तर मी हेच करेन. त्याच्या वर गेलात की हीट पंप बघा.

पुढच्या अंकासाठी इंडक्शन शेगडीचे प्रश्न आलेत, अजून कुणाचे असतील तर लवकर पाठवा.